जोखमीचं लेकरू आणि करोनाची लस

"डॉक्टर, बाळाच्या हृदयाला छिद्र आहे. त्याला करोनाची लस कुठं मिळेल?"

रुग्ण वाढल्याची बातमी टीव्हीवर झळकली, की हा प्रश्न पुन्हा कानावर येतो. २०२५च्या मे महिन्यात तो असाच आला होता. विचारणारी आई शिरूरच्या एमआयडीसी पट्ट्यातली असते, दौंडच्या रेल्वे वसाहतीतली असते, कधी मांडवगण फराट्याच्या वस्तीवरची असते. तिला आडवळणाचं उत्तर देऊन उपयोग नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला करोनाची लस देण्याची सोय आपल्या सरकारी लसीकरणात कधीच आलेली नाही. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात ती नाही, दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात नाही आणि पुण्याला जाऊनही मिळणार नाही. त्यामुळे लेकराला कडेवर घेऊन, रजा टाकून, गाडीभाडं खर्चून दवाखाने पालथे घालू नका. कुणी "बाहेरच्या देशातली लस आणून देतो" म्हणत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. लहान मुलांची परदेशी लस अतिथंड तापमानात सांभाळावी लागते. कुणाच्या तरी बॅगेतून आलेल्या बाटलीत काय उरलंय, हे सांगणारं कुणी नसतं.

तरीही अशा लेकरासाठी करण्यासारखं बरंच आहे. त्यातलं बहुतेक तुमच्या गावातच होतं आणि फुकट होतं.

लस का नाही, हे आधी समजून घेऊ, म्हणजे मनातली रुखरुख कमी होईल. देशात मोठ्यांचं लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. १५ ते १८ वर्षांच्या मुलांची पाळी ३ जानेवारी २०२२ला आली, त्यांना कोव्हॅक्सिन दिली गेली. १६ मार्च २०२२पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स मिळू लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये औषध नियंत्रकांनी आणखी लहान वयासाठी परवानगी दिली, कोर्बेव्हॅक्सला पाच ते बारा आणि कोव्हॅक्सिनला सहा ते बारा वर्षांसाठी. जूनमध्ये पुण्याच्या सीरमची कोव्होव्हॅक्स सात ते अकरा वर्षांसाठी मंजूर झाली. मात्र परवानगी मिळणं वेगळं आणि लस मोहिमेत येणं वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांची सरकारी मोहीम निघालीच नाही. पाच वर्षांखालच्यांसाठी तर परवानगीही मिळाली नाही.

दौंडकराला हे जास्त लागतं, आणि ते साहजिक आहे. सोलापूर रस्त्यानं पुण्याकडे निघालं, की हडपसरच्या अलीकडे मांजरी लागते. तिथं सीरमचा कारखाना आहे. कोव्हॅक्सिन बनली ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं वेगळ्या केलेल्या विषाणूपासून. एवढं सगळं आपल्या दाराशी असून आपल्या लेकराला काही नाही, असं वाटतं. पण यामागे दुजाभाव नव्हता. धडधाकट मुलांना करोना बहुतांशी सर्दी-तापावर सोडतो, हे तोवर जगभर दिसून आलं होतं. मार्च २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी निरोगी मुलांना सर्वांत खालच्या प्राधान्यगटात ठेवलं. जुने आजार असलेली मुलं त्यांनी मधल्या गटात घातली. ज्यांची प्रतिकारशक्तीच खालावलेली आहे, त्यांना मात्र वय सहा महिने असलं तरी वरच्या गटात घेतलं.

इंग्लंडमध्ये २०२३च्या उन्हाळ्यात सहा महिने ते चार वर्षांच्या फक्त जोखमीच्या मुलांना करोनाची लस देण्यात आली. डोस अगदी छोटा, मोठ्यांच्या डोसाचा दहावा हिस्सा. २०२५च्या हिवाळी फेरीत तिथंही यादी आखडली आणि मुलांमध्ये ती प्रतिकारशक्ती खालावलेल्यांपुरतीच उरली. तुमचा भाऊ किंवा बहीण तिकडे असेल आणि त्यांच्या बाळाला लस मिळाल्याचं कळलं असेल, तर त्यामागचं कारण हे आहे. तिथंही ती सरसकट सगळ्या बाळांना मिळत नव्हती.

आता आपल्याकडचं बघू. जोखमीचं लेकरू म्हणजे नेमकं कोणतं? वारंवार सर्दी होणारं प्रत्येक मूल या यादीत येत नाही. जन्मतः हृदयाचा दोष असलेलं, दिवस पूर्ण होण्याच्या बरंच आधी जन्मलेलं आणि जन्मानंतर ऑक्सिजनवर राहिलेलं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असलेलं, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारं, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेलं, लहानपणीच मधुमेह जडलेलं, डाउन सिंड्रोम असलेलं, मान-हातपाय सावरता न येणारं आणि घास गिळताना ठसकणारं, दम्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती करावं लागणारं. अतितीव्र कुपोषित मूलही यात आलं. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात आणि ती लाल दाखवते, त्या मुलाला कुठलाच श्वसनाचा आजार सोसत नाही.

तुमचं मूल यात बसतं का, याची शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. त्या पथकात डॉक्टर असतात, नर्स असते, औषधनिर्माता असतो. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. कधी येणार, ते अंगणवाडीताईंना ठाऊक असतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. हृदयाचं छिद्र, फाटलेला टाळू, जन्मजात मोतीबिंदू असे दोष याच पथकाच्या तपासणीत सापडतात आणि पुढचे उपचारही मोफत होतात. मला विचाराल, तर करोनाच्या लशीमागं धावण्यापेक्षा हृदयाचं ते छिद्र वेळेत बंद होणं लेकराच्या जास्त कामाचं आहे. दुरुस्त झालेलं हृदय करोनाच काय, कुठलाही न्यूमोनिया जास्त चांगला झेलतं.

दुसरं काम लसीच्या कार्डाचं. घरी गेल्यावर ते काढा आणि एकेक रकाना बघा. जोखमीच्या मुलाचंच नेहमीचं लसीकरण मागं पडलेलं असतं, हे मी फार वेळा पाहिलंय. बाळ आजारी असतं, महिनाभर दवाखान्यात असतं, घरी आल्यावर आजी म्हणते "आत्ता कुठं बरं झालंय, सुई नको." असं करता करता नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस दीड वर्षाचं झालं तरी राहिलेला असतो. २०२२च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा सर्वाधिक सोसलं ते असेच डोस राहिलेल्या मुलांनी.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, नऊ महिन्यांचा, सोळा ते चोवीस महिन्यांमधला, पुढे पाच वर्षांचा, हे सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे. त्यात न्यूमोकोकलची लसही आहे. ती फुप्फुसाच्या जिवाणूंपासून वाचवते. आपल्या राज्यात ती २०२१पासून सरकारी लसीकरणात आली. करोनानं किंवा फ्लूनं छाती कमजोर झाली, की त्यावर असे जिवाणू चढाई करतात. त्यामुळे करोनाची लस नसलेल्या लेकराला ही लस दुप्पट कामाची आहे. डोस राहिला असेल, तर वय वाढलं म्हणून संकोच करू नका. कुठला डोस अजून देता येतो आणि कुठला नाही, हे सिस्टर कार्ड बघून सांगतात. पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागत नाही.

लसीवर विश्वास बसत नसेल, तर शिरूर तालुक्यातल्याच एका गावाची गोष्ट ऐका. वढू बुद्रुक आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. त्याच वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण संशोधन केंद्र गेली कित्येक वर्षं चालतं. रोटाव्हायरसच्या जुलाबावरची देशी लस तयार झाली, तेव्हा तिची शेवटची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली, आणि पुण्याचं ठिकाण म्हणजे वढूचा परिसर. तिन्हीकडची मिळून ६,७९९ बाळं त्या चाचणीत होती. लसीमुळे रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबाचे निम्म्याहून अधिक प्रसंग टळले. २०१६मध्ये रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात आली. बाळाच्या तोंडात सोडतात ते थेंब आपल्या तालुक्यातल्या आयांनी भरवसा ठेवला म्हणून देशभर पोहोचले.

मात्र इथं एक सावधगिरी आहे, आणि ती फक्त जोखमीच्या मुलांची आहे. काही लसी जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंच्या असतात. गोवर-रुबेला, रोटाव्हायरस, तोंडातून द्यायचा पोलिओ, बीसीजी या त्या लसी. नेफ्रोटिक या मूत्रपिंडाच्या आजारासाठी जास्त डोसात स्टिरॉइड चालू असलेलं मूल, कर्करोगाची औषधं घेणारं मूल, जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल यांना या लसी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. रक्त चढवलेल्या मुलाचा गोवराचा डोसही कधी काही महिने पुढं ढकलावा लागतो. सिस्टरच्या समोर मूल आलं, की तिला त्याची फाइल दिसत नाही. तिला फक्त कार्ड दिसतं. म्हणून डॉक्टरांकडून कार्डाच्या मागच्या बाजूला आजाराचं नाव आणि चालू औषधं लिहून घ्या. पल्स पोलिओच्या दिवशी बूथवरही ते दाखवा.

आता फ्लूची लस. करोनाची लस मागणाऱ्या दहांतल्या नऊ पालकांना ही ठाऊक नसते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला ती देता येते. पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि नंतर दरवर्षी एक. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे मे संपायच्या आत ती झालेली बरी. बाळांच्या सरकारी वेळापत्रकात ती नाही, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. घरात एकाच मुलासाठी पैसे निघत असतील, तर ते जोखमीच्या मुलासाठी काढा. स्वाइन फ्लूनं २००९मध्ये पुण्याला काय दाखवलं, ते अनेकांना आठवत असेल. देशातला पहिला बळी पुण्यातली एक शाळकरी मुलगी होती.

लेकराला स्वतःची लस नसली, की त्याच्याभोवतीच्या माणसांनी कुंपण व्हायचं. बाळाला करोना थेट बाजारातून होत नाही. तो रांजणगावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या बापाकडून होतो, केडगावच्या आठवडे बाजारातून आलेल्या आजीकडून होतो, शाळेतून आलेल्या ताईकडून होतो. २०२१-२२मध्ये घरातल्या मोठ्यांचे दोन्ही डोस झाले होते का? बूस्टर राहिला का? आता प्रत्येक केंद्रावर करोनाची लस ठेवलेली नसते. पण साठीपुढच्या, मधुमेह-दम्याच्या किंवा घरात असं लेकरू असलेल्या माणसानं आपल्या डॉक्टरांना विचारून बघावं. गरोदर बाईबद्दल तर नक्कीच विचारावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी जगात कुठंच करोनाची लस नाही. त्या बाळाला जे संरक्षण मिळतं, ते आईकडून, पोटात असताना आणि नंतर दुधातून. आईला करोना झाला तरी दूध तोडू नका. तोंडाला मास्क लावून, हात धुऊन तिनं पाजत राहावं.

मास्क मोठ्यांनी लावायचा. पाच वर्षांखालच्या मुलाला तो लावू नये, असं आपल्या आरोग्य मंत्रालयाचंच म्हणणं आहे. ज्याला खोकला आहे, त्यानं काही दिवस बाळाची पापी घेऊ नये, त्याच्या शेजारी झोपू नये. हे पाहुण्यांना सांगायला संकोच वाटतो, पण सांगावं. बारशाला, जावळाला गर्दी कमी केली म्हणून नातं तुटत नाही.

आणि धूर. यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे त्याची सवय झालीय. बाळाला न्हाऊ घातलं, की ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, ही चाल अजून घराघरांत आहे. माया त्यात आहे, हे खरं. पण छाती नाजूक असलेल्या लेकराच्या फुप्फुसाला तो धूर सुजवतो आणि करोना असो की साधी सर्दी, पुढचा आजार तिथं पाय रोवतो. धुरी बंद करा. बाळाच्या खोलीत मच्छर अगरबत्ती नको, मच्छरदाणी लावा. दौंडच्या गुऱ्हाळांच्या पट्ट्यात, यवत-केडगावकडे हंगामात अंगणात काजळी पडते, वाळत घातलेल्या लंगोटांवर काळे ठिपके दिसतात. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, ते रान घराला लागून असेल तर शेजाऱ्याला विनंती करा. पाचट रानातच कुजवलं तर जमिनीलाही ते लाभतं. चूल असेल, तर स्वयंपाक होईपर्यंत बाळ दुसऱ्या कुणाकडे असू द्या.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी वेगळं सांगतो. बीडकडून, नगरकडून कोयता घेऊन आलेल्या टोळीतली बाळं दिवाळीनंतर चार-पाच महिने कोपीत राहतात. त्यांचं कार्ड गावी पेटीत राहतं आणि इथली अंगणवाडी त्यांना ओळखत नाही. लस कुठल्याही गावच्या केंद्रात मिळते, त्याला तिथलं रेशनकार्ड लागत नाही. निघताना कार्ड बरोबर घ्या, नसेल तर निदान मोबाइलमध्ये फोटो ठेवा. आता यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद असेल, तर मोबाइल नंबरवरूनही मागचे डोस दिसतात. मुकादम, कारखान्याचा चिटबॉय, शेतमालक, ज्याला हे वाचायला मिळेल त्यानं कोपीवर कुणाचं बाळ आहे, हे आशाताईंच्या कानावर घालावं. शिक्रापूर-सणसवाडीच्या चाळींत परराज्यांतून आलेल्या कामगारांच्या बाळांचंही तसंच आहे.

एवढं करूनही मूल आजारी पडलंच तर? घरी बसून वाट बघायची की निघायचं, हे ठरवण्यासाठी श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा, घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर दवाखान्यात न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, म्हणजे आपण "पोट उडतंय" म्हणतो ते, तर आकडा मोजत बसू नका, निघा. ओठ निळसर होणं, कण्हणं, दूध न ओढणं, प्यायलेलं सगळं उलटणं, झटका येणं, हाक मारून जाग न येणं, यातलं एकही दिसलं तरी तेच. हृदयाचा आजार असलेल्या बाळाला दूध पिताना कपाळाला घाम येऊ लागला, तर तेही लक्षण आहे.

२०२१मध्ये घरोघरी घेतलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल. त्याचा चिमटा मोठ्यांच्या बोटासाठी असतो. तान्ह्या बाळाच्या बोटावर तो कधी खोटीच भीती घालतो, कधी खोटा धीर देतो. त्याच्या भरवशावर थांबू नका. मोठ्या मुलात नीट बसला आणि आकडा ९४च्या खाली राहिला, तर दाखवायला न्या.

तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार, डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेल्या मापात. मोठ्या माणसाची गोळी चुरून देऊ नका. ॲस्पिरिन तर नकोच. मेडिकलमधून स्टिरॉइडचं औषध आणून सुरू करू नका. साध्या करोनात ते अपाय करतं. मूल आधीपासून स्टिरॉइडवर असेल, तर ते आपल्या मनानं बंदही करायचं नाही. वाफ देताना उकळत्या पातेल्यानं मुलं भाजतात, तो प्रयोग टाळा. दम्याचा पंप चालू असेल, तर करोनाच्या भीतीनं तो थांबवू नका.

करोना बरा झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो. तीन दिवस उतरत नाही, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ येतं, पोट दुखतं, उलट्या होतात. हे क्वचित होतं, पण त्यात हृदयाला सूज येऊ शकते. त्या वेळी डॉक्टरांना "महिन्यापूर्वी घरात सर्दी-तापाची साथ होती" हे सांगायला विसरू नका. ते वाक्य निदान सोपं करतं.

शेवटचं काम आज संध्याकाळीच करता येईल. शिरूर असो की दौंड, पुण्याचं मोठं रुग्णालय सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. नगर रस्त्यानं शिक्रापूर-वाघोलीची कोंडी, सोलापूर रस्त्यानं हडपसरची. ठरलेल्या तपासणीला दौंडहून रेल्वे सोयीची, ससून पुणे स्टेशनच्या जवळच आहे. रात्री दोनला मात्र १०८ला फोन करा. त्या गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. शेजाऱ्याच्या गाडीत तो नसतो. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे शिरूर, न्हावरे, यवत किंवा दौंडला ऑक्सिजन लावून घ्या आणि मग पुढं निघा. थेट पुण्याची वाट धरल्यानं वाटेतच मूल दमतं.

एका पिशवीत लसीचं कार्ड, आजाराची फाइल, हृदयाच्या शेवटच्या इको तपासणीचा कागद, चालू औषधांची यादी, बाळाचं वजन लिहिलेली चिठ्ठी, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घालून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती व्हायचं, तर हेच कागद मागतात. पिशवी दाराच्या खुंटीला अडकवा आणि ती कुठं आहे, हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, दाखवून ठेवा.